पाठीवरचे बिऱ्हाड

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बहुधा थट्टेने वापरतो. बदलीच्या नोकरीतला सद्गृहस्थ, गावोगाव फिरणारा नाटकवाला, दर अकरा महिन्यांनी खोली बदलणारा भाडेकरू यांच्याविषयी बोलताना ती ओठांवर येते. म्हणीत विंचू आहे, बिऱ्हाड आहे. पण ते पाठीवर घेऊन तो कोठे चालला आहे आणि का, हे म्हण सांगत नाही. 'नोमॅडलँड' हा अमेरिकन चित्रपट आणि तो ज्या पुस्तकावरून बेतला ते त्याच नावाचे पुस्तक, ही दोन्ही नेमका हाच प्रश्न विचारतात. मात्र दोघांची उत्तरे एक नाहीत. त्या फरकाविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

जेसिका ब्रूडर या पत्रकार स्त्रीचे पुस्तक २०१७ साली प्रसिद्ध झाले. चीनमध्ये जन्मलेल्या क्लोई झाओ यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला आणि २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व अभिनेत्री अशी तीन ऑस्कर पारितोषिके लाभली. कथानक असे नाहीच. नेव्हाडा राज्यातील एम्पायर हे गाव जिप्समच्या कारखान्याभोवती वसले होते. घरांच्या भिंतींसाठी लागणाऱ्या फळ्यांची मागणी घटली आणि ८८ वर्षांनंतर, ३१ जानेवारी २०११ रोजी, कारखाना बंद झाला. घरे कंपनीची, म्हणून घरेही गेली. जुलैपर्यंत टपालखात्याने गावाचा पिनकोडसुद्धा रद्द केला. ही सारी माहिती पडद्यावर दोन ओळींत येते आणि मग आपणांस साठीची फर्न दिसते. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. एका जुन्या व्हॅनमध्ये संसार भरून ती एकटीच रस्त्याला लागते.

पहिलेच दृश्य आम्हांस फार मोलाचे वाटते. भाड्याच्या गाळ्यात फर्नने आपले सामान ठेवले आहे. त्यातून काय घ्यायचे हे ती निवडते आहे. नवऱ्याचा कामावरचा कोट हाती येतो. ती तो क्षणभर उराशी धरते. बशांचा एक संच मात्र ती बरोबर घेते. तो तिच्या वडिलांनी जुन्या वस्तूंच्या बाजारांतून एकेक नग जमवून तिला दिलेला. व्हॅनमध्ये पाय पसरायला जागा नाही. तेथे काचेसारख्या जपायच्या बशा कशाला? व्यवहारी माणूस हेच विचारील. पण ज्यांनी कधी बिऱ्हाड हलवले आहे त्यांस ठाऊक असते की, ट्रकमध्ये शेवटी चढते ती वस्तू उपयोगाची नसते. ती साक्षीदार असते. पुढे डेव्ह नावाच्या सहप्रवाशाच्या हातून त्या बशा फुटतात, तेव्हा फर्न चिडते आणि नंतर एकटी बसून तुकडे चिकटवू लागते. या प्रसंगी तिच्या तोंडी एखादे भाषण घालण्याचा मोह दिग्दर्शिकेने आवरला, हे विशेष.

रस्त्याचे अमेरिकन साहित्यात मोठे कौतुक आहे. जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाच्या कुत्र्यासह एका खास बांधून घेतलेल्या ट्रकमधून देश पाहण्यास निघाले आणि १९६२ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनांतेचे, नाव त्यांनी त्या ट्रकला दिले होते. पुस्तक रसाळ आहे. तथापि लेखकाचा हा प्रवास त्यांनी भासवला तितका एकाकी नव्हता; वाटेत अनेक रात्री पत्नी सोबत होती आणि मुक्कामही पुष्कळदा चांगल्या हॉटेलांत झाला, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. स्टाइनबेक यांचे घर समुद्रकाठी त्यांची वाट पाहत उभे होते. परत जाण्याची जागा असलेल्या माणसाचे एकटेपण म्हणजे सुट्टीच. फर्नच्या मागे टपालाचा पत्तासुद्धा उरलेला नाही. तिच्या आणि त्यांच्या प्रवासाला एकच नाव देणे म्हणजे उपास आणि उपासमार यांना एक म्हणणे होय.

फर्नचा रस्ता कामाच्या मागे वळतो. नाताळच्या हंगामात ॲमेझॉनच्या गोदामात खोकी भरणे, हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटातला तळ, उन्हाळ्यात पर्यटकांच्या छावणीतील संडास धुणे, मग उपाहारगृहाचे स्वयंपाकघर, पुढे नेब्रास्कातला बीटचा हंगाम. आपल्याकडचे ऊसतोड कामगार दरवर्षी कोयता आणि संसार घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांचे पंचांग आणि हिचे पंचांग यांत तत्त्वतः भेद नाही. भेद आहे तो एवढाच की, तो कामगार टोळीने जातो, ही एकटी. रात्री व्हॅनच्या दारावर कोणी थाप मारली की तिचा जीव दचकतो. चाक पंक्चर होते तेव्हा स्वँकी नावाच्या वृद्धेकडे तिला मदत मागावी लागते आणि आधी बोलणी खावी लागतात : निर्जन रानात जादा चाक न घेता फिरतेस कशी? एकट्याच्या प्रवासाचे शहाणपण असे चाकापासून सुरू होते.

स्वँकी, लिंडा मे, बॉब वेल्स ही माणसे नट नव्हेत. ती खरोखर असेच जीवन जगणारी, पुस्तकातून थेट पडद्यावर आलेली माणसे आहेत. फ्रान्सिस मॅकडोर्मंड यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री त्यांच्यासमोर बसते ती बहुतांशी ऐकण्यासाठी. तिच्या अभिनयाचा मोठा भाग हे ऐकणेच आहे, असे आम्ही म्हणू. लिंडा मे सांगते : बाराव्या वर्षापासून कष्ट केले, दोन मुली वाढवल्या आणि म्हातारपणी सरकारी निवृत्तिवेतन पाहिले तर महिन्याला साडेपाचशे डॉलर. जीव द्यावा असेही एकदा मनात येऊन गेले होते. हे ती रडून सांगत नाही. स्वँकीच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा सारे शेकोटीभोवती जमतात आणि तिच्या आठवणीसाठी एकेक दगड अग्नीत टाकतात. तेथे धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, दफनभूमी नाही. तरीही ती अंत्यविधीची सभाच आहे. आपल्या धर्मग्रामात घंटा वाजताच आळीतील माणसे अंगणात जमतात. ते सुख किती मोठे आहे, याची जाणीव त्या दृश्याने आम्हांस झाली.

आता आक्षेपाकडे वळू. फर्न ही व्यक्ती पुस्तकात नाही. ब्रूडरबाईंनी तीन वर्षे, पंधरा हजारांहून अधिक मैल या लोकांसोबत प्रवास केला. स्वतः व्हॅन घेऊन त्या तीत राहिल्या, गोदामात आणि बीटच्या हंगामात राबून पाहिल्या. त्यांच्या पुस्तकात हिशेब आहेत : २००८च्या आर्थिक अरिष्टात कोणाचे घर कसे गेले, आयुष्यभराची पुंजी कोठे बुडाली. सत्तरीतली माणसे गोदामाच्या सिमेंटवर एका पाळीत मैलोगणती चालतात आणि वेदनाशामक गोळ्या तेथे भिंतीवरच्या यंत्रातून फुकट मिळतात. हे वाचल्यावर मालाच्या खोक्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. चित्रपटात गोदाम आहे, पण तेथील थकवा नाही. खोकी सरकतात, जेवणाच्या सुट्टीत गप्पा होतात आणि पियानोच्या मंद सुरांवर सूर्य मावळतो. दृश्ये सुंदर आहेत. दुखऱ्या जागी ती जरा जास्तच सुंदर आहेत.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. चित्रपटाने फर्नसाठी दोन दारे उघडी ठेवली आहेत. व्हॅन बिघडते, दुरुस्तीला पैसे नसतात, तेव्हा ती बहिणीकडे जाते. बहीण पैसे देते आणि येथेच राहा म्हणते. पुढे डेव्ह आपल्या मुलाच्या घरी स्थिरावतो आणि तिलाही राहण्याचा आग्रह करतो. तेथे मऊ अंथरूण आहे, नातवंड आहे, भरलेले ताट आहे. फर्न रात्री उठून व्हॅनमध्ये झोपायला जाते आणि पहाटे कोणास न सांगता निघून जाते. ही दोन्ही दृश्ये संयमाने रंगवली आहेत. परंतु त्यांचा परिणाम काय होतो? प्रेक्षक मनाशी म्हणतो : हिला राहता आले असते, ही राहिली नाही, हिचा स्वभावच भटका. अशा रीतीने गरजेचे रूपांतर आवडीत होते. पुस्तकातील बहुतेकांपुढे अशी दारे नव्हती. लिंडा मे हिला रस्ता नको होता. तिला वाळवंटात थोडी जमीन घेऊन आपल्या हाताने घर बांधायचे होते. तिचा सारा प्रवास त्या घराकडे चालला होता. हे स्वप्न चित्रपटात ओझरते येते आणि विरून जाते. अन्यायाने बेघर झालेल्यास स्वेच्छेचा संन्यासी ठरवणे जगाला नेहमीच सोयीचे असते. एवढ्या सहृदय चित्रपटाने नकळत ती सोय करून द्यावी, याचे आम्हांस वाईट वाटते.

मराठी वाचकास येथे आणखी एक पुस्तक आठवेल. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, तो देश हिंडल्या आणि परतल्यावर १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. स्त्रिया तेथे शिकतात, कमावतात, संस्था चालवतात, हे पाहून त्यांस जी आशा वाटली ती त्या ग्रंथात जागोजाग आहे. त्यासोबत कृष्णवर्णीयांवरील अन्यायही त्यांनी नजरेआड केला नाही. आशा आणि हिशेब एकाच लेखणीत कसे नांदतात, हे त्या ग्रंथात पाहावे. चित्रपटात आम्हांस उणे वाटले ते हेच.

तरीही चित्रपट आम्ही नाकारीत नाही. याचे कारण त्याचा शेवट. नवरा वारल्यावरही आपण एम्पायरमध्ये का राहिलो, हे फर्नने बॉब वेल्सना सांगितलेले असते. त्यास आईवडील नव्हते, मुले नव्हती. आपण गाव सोडले तर तो कधी होता याची खूणही उरणार नाही, असे तिला वाटे. यानंतर ती एम्पायरला परतते. गाळ्यातले उरलेले सामान देऊन टाकते, रिकाम्या कारखान्यातून फिरते, धूळ बसलेल्या आपल्या जुन्या घरात शिरते. मागचे दार उघडते. पुढे कुंपण नाही; फक्त माळ आणि डोंगर. मग ती पुन्हा व्हॅन सुरू करते. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, पहिल्या दृश्यात तिने घर सोडले असे आपण समजलो, ती आपली चूक होती. गाळ्याचे भाडे भरले जात होते तोवर बिऱ्हाड हललेच नव्हते. ते आज हलले.

दुःखाविषयी चित्रपट जे सांगतो ते खरे आहे. ते दुःख कोणी दिले, याविषयी तो मुका आहे. तेथे पुस्तक बोलते. म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंती अशी की, दोन्हींची भेट घ्यावी, पण आधी पुस्तक वाचावे. लिंडा मे हिचा महिन्याचा हिशेब कळल्यावर मग त्या सूर्यास्ताकडे पाहावे. तो तेव्हाही सुंदरच दिसेल. मात्र त्या उजेडात व्हॅनमधली म्हातारी माणसेही दिसतील.