उत्पादकतेचा निकष आणि जावाची चौकट

व्यावसायिक उपयोजनांसाठी जावा भाषेतील कोणते फ्रेमवर्क निवडावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘उत्पादकता’ या एका शब्दाभोवती फिरते. परंतु ही उत्पादकता मोजावयाची कोणत्या क्षणी, याचा विचार क्वचितच होतो. पहिला पडदा किती तासांत उभा राहिला, एवढ्यावरच निर्णय दिला जातो. हा निकष अपुरा आहे.

पिंपळे सौदागरसारख्या पवनाकाठच्या उपनगरात राहून हिंजवडीत आज्ञावली रचणारा अभियंता आणि भोसरी-चाकणचा सुट्या भागांचा कारखानदार यांना जोडणारा एक दुवा म्हणजे बीजक. त्याचे नियम कसे बदलले ते पाहावे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उलाढालीस ई-बीजक सक्तीचे झाले. ही मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी ५ कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्के दराचे वाहनांचे सुटे भागही १८ टक्क्यांत आले. तथापि त्यापूर्वी विकलेला माल नंतर परत आल्यास क्रेडिट नोटेवर मूळ बीजकाचाच दर लागतो. म्हणजे दर हा केवळ आकडा नसून तारखेशी बांधलेला नियम आहे.

फ्रेमवर्कही स्थिर नसतात. मात्र त्यांच्या बदलाची कारणे निराळी असतात. एके काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्ट्रट्स १ ची देखभाल २०१३ मध्ये थांबली. जकार्ता ईई ९ ने २०२० साली ‘जावाएक्स’ हे जुने नामक्षेत्र सोडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ने ते स्वीकारून जावा १७ ही किमान अट घातली. करगणित जर फ्रेमवर्कमध्ये गुंतलेले असेल, तर कायदा न बदलताही ते उकलावे लागते.

या दृष्टीने दोन परस्परभिन्न पर्याय तपासता येतील. ओपनझावा वर्गाच्या वर्णनावरून पडदे आपोआप घडविते. नोंदवहीवजा कामात हा मोठाच लाभ होय. परंतु कामाची रीत नोंदीच्या आकाराहून वेगळी झाली, की त्या सोयीचेच बंधन होते. स्प्रिंग बूट जुळणीचा भार हलका करते व इतर प्रणालींशी सहज जोडते. पडदे मात्र स्वतः रचावे लागतात. शिवाय व्यवसायाचा नियम विनंती स्वीकारणाऱ्या वर्गातच लिहून टाकण्याचा मोह तेथे प्रबळ असतो. तारखेनुसार दर ठरविण्याचे काम मात्र दोहोंपैकी कोणीही आपल्यासाठी करीत नाही.

म्हणून मनुष्यबळ थोडे व नोंदी पुष्कळ असतील तेथे पहिला, आणि अनेक प्रणालींशी व्यवहार असेल तेथे दुसरा पर्याय श्रेयस्कर मानावा. अट दोन्हीकडे एकच: नियम साध्या जावा वर्गांत असावेत आणि फ्रेमवर्क न चालविता ते तपासता यावेत. तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी केवळ पहिल्या पडद्याची वेळ नोंदवून थांबू नये. दर बदलल्यावर किती ठिकाणी हात लावावा लागला, हेही मोजावे. उत्पादकतेची खरी परीक्षा तेथेच होते.