कॉफीचं दूध

घरी कॉफी कशी करावी, या विषयावर गेल्या दहाएक वर्षांत इतकं लिहिलं आणि बोललं गेलं आहे की त्याला आता स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नसावी. त्याचे संकेतही ठरून गेलेत. सुरुवातीला लेखक आपण आजवर कॉफीच्या नावाखाली काय पीत आलो याबद्दल हळहळतो. मग बेंगळुरूच्या नाहीतर पुण्याच्या एखाद्या कॅफेत त्याचे डोळे उघडतात. पुढे ग्रॅमचा वजनकाटा येतो, हाताने फिरवायचं ग्राइंडर येतं, लांब चोचीची किटली येते. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी कुठे ना कुठे हे वाक्य येतंच: दूध आणि साखर ही वाईट कॉफीची चव झाकायला असतात.

माझं भांडण या वाक्याशी आहे. बाकीचं बरंचसं मला पटतं आणि मी ते पाळतेही. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या आळेफाट्यावर दिवसभरात चहाची किती पातेली उकळत असतील याची गणती नाही. इथल्या हॉटेलात कॉफी मागितली की मालक आधीच सांगून ठेवतो, ‘ताई, सॅशेवाली आहे बरं का.’ अशा ठिकाणी कुरियरने दाणे मागवून घरी दळणारी बाई म्हणून माझी थोडी चेष्टाही होते. सकाळी मी फ्रेंच प्रेसमध्ये कोरी कॉफी करते. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम या हिशेबाने माझ्या २५० मिलीच्या मगाला १५ ग्रॅम, जाड रव्यासारखी दळलेली, चार मिनिटं. या आकड्यांमागे कारणं आहेत. पूड फार बारीक असली किंवा फार वेळ भिजली की कडू-तुरट घटकही पाण्यात उतरतात. फार जाड असली तर पाणी आंबट आणि पाणचट लागतं. पाणी ९० ते ९६ अंशांचं असावं म्हणतात. समुद्रसपाटीपासून सहा-सातशे मीटर उंचीवर ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबलं की झालं. थर्मामीटरचे पैसे वाचतात.

पण हे नियमही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून लिहिलेले असतात, हे पाण्यापाशी कळतं. आमच्या बोअरचं पाणी जड. पातेल्याला पांढरा थर धरतो, तूरडाळ शिजायला वेळ लावते. अशा पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतात. पाकिटावर ज्या फळासारख्या आंबटपणाचं कौतुक छापलेलं असतं, आणि ज्याचे तुम्ही पैसे मोजलेले असतात, तो आमच्या कपात येईपर्यंत सपाट होऊन जातो. आरओचं पाणी घ्यावं तर ते इतकं कोरं की कॉफी त्यात बोलतच नाही. मी निम्मं निम्मं मिसळते. माझ्या पाण्यापुरतं हे जमतं. शेजारच्या गावात जमेल याची हमी नाही. भाजणीवर पानंच्या पानं लिहिणारे लोक पाण्यासाठी दोन ओळी खर्च करतात, कारण त्यांच्या लेखी पाणी बाटलीतून येतं.

आता ते वाक्य. ‘झाकायला’ या शब्दात असं गृहीत धरलेलं आहे की कॉफी हा देह आणि दूध ही त्यावरची चादर. मराठी घरांत हे बहुधा उलट होतं. कॉफी आपल्याकडे साधारण दोन वाटांनी आली. एक उडुपी हॉटेलांची, फिल्टरची. ती बराच काळ हॉटेलातच राहिली. दुसरी डब्याची. १८८८ साली पेस्तनजी एडलजी दलाल यांनी मुंबईत कॉफी दळून विकायला सुरुवात केली आणि त्या धंद्याचं पोलसन हे नाव पुढे लोण्यामुळे घरोघरी झालं. (कॉफीच्या दुकानातून लोणी निघालं, ही गोष्ट माझ्या मुद्द्याला इतकी सोयीची आहे की तिच्यावर फार भर देत नाही.) डब्यातली पूड घरी आली तेव्हा ती करायची कशी, हे सांगणारं कुणी तिच्याबरोबर आलं नव्हतं. चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत खरी, पण जुन्नर-आंबेगावच्या घरांना त्याचं काय? घाटावरच्या स्वयंपाकघराने मग कॉफीचं तेच केलं जे ते शेवयांचं, केशराचं, हळदीचं करतं. दुधात घातली.

म्हणून या कॉफीकडे दुधाचा पदार्थ म्हणून बघायला हवं. आमच्या भागात दुधाकडे बघायची नजर काही कच्ची नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर नमुना काढला जातो, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं. ३.५ आणि ८.५ हे आकडे गोठा असलेल्या घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात, कारण त्याखाली एक दशांश गेला तरी भाव उतरतो. वजनकाट्याची आणि दशांश चिन्हाची संस्कृती कॉफीवाल्यांनी आणली असं समजणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी डेअरीवर उभं राहावं. अचूकपणा इथे होताच, तो फक्त दुधाला लावला जात होता.

दुधाच्या अंगाने बघितलं की बाकीच्या गोष्टी आपापल्या जागी बसतात. दुधातलं प्रथिन कॉफीतल्या तुरट घटकांना धरून ठेवतं, स्निग्धांश वासाला धरून ठेवतो. साहजिकच नाजूक, हलक्या भाजणीची महागडी अरेबिका दुधात हरवते. ती दुधात घालणं ही उधळपट्टी आहे, आणि इथे मी कॅफेवाल्यांच्या बाजूची. दुधाला गडद भाजलेली, दणकट पूड लागते. भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा असते. तिला कमअस्सल म्हणायची पद्धत आहे, पण म्हशीच्या दुधापुढे उभी राहते तीच. चिकोरीचंही तसंच. ते एक भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नाही, पण दाटपणा, रंग आणि किंचित कडसर गोडवा आहे. कायद्याने मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ५१ हे बहुमत जेमतेमच झालं. मला ८०-२० आवडतं. त्याहून जास्त चिकोरी घातली की काढ्याचा भास होतो.

आमच्या सासूबाईंची कॉफी याच जातीची. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून त्यांचा नातू आला, त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, ‘आजी, ही कॉफी नाही गं. कॉफीचं दूध आहे हे.’

‘मग?’ त्या म्हणाल्या. ‘दूधच आहे की ते.’

पोरगा हसला, विषय संपला. पण त्यानंतर घरी कुणी पाहुणे आले की त्या मला हाक मारायला लागल्या: ‘कॉफी तू कर बाई, मला ती नवी येत नाही.’ पन्नास वर्षं हाताने केलेली गोष्ट ‘येत नाही’ म्हणायला एक वाक्य पुरलं. या नव्या कॉफीवाङ्मयाबद्दल माझा राग आहे तो एवढ्यासाठी. एका पदार्थाला दुसऱ्याच पदार्थाच्या परीक्षेला बसवायचं आणि नापास करायचं, याला चवीची समीक्षा म्हणत नाहीत. बासुंदीला तिच्यात केशराची स्पष्ट चव येत नाही म्हणून कुणी नावं ठेवेल का?

याच वाङ्मयाचा एक प्रमाणग्रंथ म्हणजे चवींचं चक्र. अमेरिकेतल्या कॉफीवाल्यांच्या संघटनेने १९९५ साली ते काढलं, २०१६ साली सुधारलं. रंगीत वर्तुळात कप्पे: ब्लूबेरी, जाई, काळा चहा, शिवाय रबर आणि पुठ्ठासुद्धा. काम मेहनतीचं आहे, थट्टेचा विषय नाही. पण त्यात मसाल्यांच्या कप्प्यात दालचिनी आणि लवंगेच्या शेजारी चक्क जायफळ आहे. म्हणजे दाण्याच्या पोटात जायफळाची आठवण सापडली तर पाकिटावर मिरवायची, आणि सासूबाईंनी खरं जायफळ किसलं तर तो अडाणीपणा. हा भेद चवीचा नाही. सूचक ते उच्च आणि उघड ते हलकं, हा जुना साहित्यिक पूर्वग्रह स्वयंपाकघरात शिरलेला आहे.

त्या चक्रात जे नाही तेही बघण्यासारखं आहे. दूध आटताना येणारा खरपूस वास, पातेल्याच्या तळाची खरवड, साय, दूध ‘लागलं’ की येणारी करपट छटा, निरशा आणि तापवलेल्या दुधातला फरक. मराठीत या सगळ्याला सुटे, नेमके शब्द आहेत आणि आमच्या कॉफीचं बरं-वाईट त्याच शब्दांत सांगता येतं. पाकिटावरचा ब्लूबेरी मी कधी खाल्लेलाही नाही. खरवड मात्र पातेल्याशी भांडून खाल्ली आहे.

तर आता याच शब्दांत आपल्या कॉफीचीही झडती घेऊ. कारण ‘आजीच्या हातची कॉफी’ या नावाखाली जे गहिवर काढले जातात तेही मला तितकेच नकोसे आहेत. खरं सांगायचं तर आजच्या बहुतेक मराठी घरांतली दुधाची कॉफी वाईट असते. पहिलं कारण इन्स्टंट पूड. ती विरघळते, हा तिचा एकमेव गुण. दुधात तिचा नुसता एकसुरी कडूपणा उरतो आणि तो मारायला साखर वाढवली जाते. (ती साखरेबरोबर फेटून फेस काढायची रीत मात्र मजेची आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोरियाहून डालगोना नावाने ती फिरून आली, तेव्हा लोकांनी ती नव्याने शिकून घेतली. त्यांच्या मावश्या तीस वर्षं चमच्याने कप वाजवत तेच करत होत्या.) दुसरं, खरी पूड असली तर ती दुधातच घालून दहा-दहा मिनिटं उकळणं. दुधात आधीच इतकं काही विरघळलेलं असतं की कॉफी त्यात नीट उतरत नाही, आणि उतरते तोवर वास उडून गेलेला असतो. तिसरं, जायफळाची तयार पूड. जायफळाचा जीव त्याच्या तेलात. दळून डबीत सहा महिने ठेवलं की उरतो तो लाकडाचा भुसा. आणि ते आधी घालून उकळणं म्हणजे देवाला वास, घराला चोथा. जायफळाने झोप येते आणि कॉफीने उडते, मग दोन्ही एका कपात का, असं मला एकदा एका डॉक्टरांनी विचारलं होतं. उत्तर नाही. चांगलं लागतं.

मी करते ती अशी. दोन कपांना ३०० मिली म्हशीचं दूध, मंद आचेवर, ढवळत, अडीचशेच्या आसपास येईपर्यंत. खरपूस वास आला पाहिजे पण तळ लागता कामा नये. त्याच वेळी २० ग्रॅम पूड स्टीलच्या फिल्टरमध्ये, वर १०० मिली गरम पाणी. फिल्टर नसेल तर पूड भांड्यात पाण्याबरोबर पाच मिनिटं झाकून ठेवून फडक्याने गाळावी. जुन्या बायका करायच्याच. गाळलेला अर्क दुधात, दूध अर्कात नाही. त्यानंतर उकळी नाही. साखर कपाला एक चमचा. जायफळ शेवटी, किसणीवर तीन-चार फेरे, गॅस बंद केल्यावर. सासूबाईंना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी फक्त साखर वाढवली आणि त्यांच्या परीने ते बरोबरच होतं. आटवलेल्या दुधाला त्यांच्या हिशेबी गोडी कमी होती.

एक गोष्ट मात्र या बचावात लपवता येणार नाही. ही कॉफी कुणाची होती? आमच्याकडे चहा सगळ्यांना, कॉफी निवडक लोकांना. जावई, शाळेचे हेडमास्तर, तालुक्याहून आलेला साहेब, बाळंतीण, परीक्षेला बसलेला मुलगा. मुलगी परीक्षेला बसली तर बहुधा चहा. गड्यांना आणि रोजाने येणाऱ्या बायकांना शेतात किटलीतून चहा जायचा, आणि काहींसाठी ओट्याच्या कोनाड्यात वेगळे कप असायचे, जे त्यांनीच विसळून पालथे घालायचे. आजीच्या कॉफीच्या आठवणींत जायफळ असतं, पितळी डबा असतं. तो कोनाडा नसतो. तेव्हा कॉफीवरून माणसांची वर्गवारी करायला पुण्याच्या कॅफेने सुरुवात केली असं मी म्हणू शकत नाही. ती आमच्या माजघरातही होत होती, फक्त तिथे मोजमाप चवीचं नव्हतं. नातवाच्या एका वाक्याने सासूबाईंना जे वाटलं असेल ते या घरातून अनेकांना अनेक वर्षं न बोलता सांगितलं गेलं आहे.

यंदा चैत्रात कांदा काढायला बायका आल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत मी वर लिहिलेल्या पद्धतीने मोठं पातेलंभर कॉफी केली, आटवलेलं दूध, किसलेलं जायफळ, सगळं. घरातल्याच कपांतून दिली. सगळ्यांनी प्यायली. त्यातल्या वयस्क बाईंनी कप खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘ग्वाड हाय वहिनी, दूध बी चांगलंय. आता जरा च्या टाका.’