नाण्यावरची निष्ठा

रोमन सम्राटांची नाणी म्हणजे त्या काळची वर्तमानपत्रे, असे पुस्तकांत हमखास वाचायला मिळते. उपमा चांगली आहे. पण हे वर्तमानपत्र सरकारी होते, हे वर्गात सांगायचे राहून जाते.

गॅलिएनस (इ. स. २५३ ते २६८) या सम्राटाचे एक नाणे पाहू. एका बाजूला किरणांचा मुकुट घातलेले त्याचे मस्तक. दुसऱ्या बाजूला लष्करी ध्वज धरून उभी असलेली फिदेस ही निष्ठेची देवता, आणि भोवती अक्षरे, ‘फिदेस मिलितुम’, म्हणजे सैनिकांची निष्ठा. २६८ साली मिलानला वेढा घातलेला असताना याच सम्राटाला त्याच्याच सेनाधिकाऱ्यांनी कट करून मारले! ही नाणी सैनिकांच्या हाती पगार म्हणून पडत. तेव्हा हे चित्र बातमी म्हणून वाचू नये. ती विनवणी आहे.

मुकुटाचेही तसेच. किरणे सूर्यदेवाची खरी, पण नाण्यावर त्यांचा अर्थ ‘किंमत दोन दिनारियस’ असा समजला जातो. कॅराकॅलाने २१५ साली हे नाणे काढले तेव्हा त्यात चांदी मात्र दीड दिनारियसाइतकीच होती. गॅलिएनसच्या अखेरीस ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली. मुकुट तसाच राहिला.

आता थोडे रसायनशास्त्र. चांदी-तांब्याच्या मिश्रणाची चकती तापवली की पृष्ठभागाजवळच्या तांब्याचे ऑक्साइड होते. ते आम्लाने धुऊन काढले की वर चांदीचा पातळ थर उरतो. म्हणजे नुसता पृष्ठभाग तपासला, तर चांदी प्रत्यक्षाहून जास्त भरते. खरे प्रमाण कळायला आतल्या धातूचा नमुना घ्यावा लागतो. चित्रांच्या बाबतीत आपले अभ्यासक इतकी काळजी घेत नाहीत, ही माझी तक्रार.

याच सम्राटाच्या शेवटच्या काळातली प्राण्यांची नाणी मला अधिक प्रामाणिक वाटतात. हरिण, पंखांचा घोडा, नरतुरंग अशी ही मालिका. हरणाभोवतीची अक्षरे डायानाला, सम्राटाच्या रक्षणकर्तीला, उद्देशून आहेत. येथे निष्ठेचा दावा नाही, ‘सांभाळ’ एवढेच मागणे आहे. चकत्या वेड्यावाकड्या, अक्षरे कित्येकदा अर्धी कापलेली. पण चालता चालता मागे वळून पाहणारी हरिणी ठसा कोरणाऱ्याने मन लावून कोरली आहे.