ठिपका ठेवला कुणी?

बारा जानेवारी जवळ आली की सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जिजाऊंचे फलक उभे राहतात. हल्ली त्यात एक टूम आली आहे. चेहरा रंगीत नको, काळ्या शाईच्या ठिपक्यांचा हवा. कुणीतरी महिनाभर रोटरिंग पेन घेऊन बसले होते असे वाटायला हवे. काम असते दोन क्लिकांचे, आणि दिसतेही तेवढेच. त्यातून जिजाऊंचे छायाचित्र असण्याचा प्रश्नच नाही. एका चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले चित्र, त्याचे छापील पोस्टर, पोस्टरचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि त्यावर फिल्टर, अशा चार चाळण्यांतून शेवटी उरतो तो पदराचा काळा गोळा आणि मळकट गाल.

ठिपका ही मुळात छापखान्याची सक्ती होती. शाई काळी, कागद पांढरा, मधली करडी छटा छापायची कशी? जर्मनीत गेओर्ग मायझेनबाखने १८८२ मध्ये हाफटोनचे पेटंट घेतले, तेव्हा उत्तर मिळाले: फोटो जाळीतून घ्यायचा, अंधारात ठिपके मोठे, उजेडात बारीक. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला ६५ रेघांची जाळी झेपायची, आर्ट पेपरला १३३ ची. खरबरीत कागदावर हाफटोन शाईने भरून यायचा, नुसत्या रेघांचा लाइन ब्लॉक मात्र लख्ख उठायचा. वसंत सरवटे, बाळ ठाकूर या चित्रकारांच्या काळ्या-पांढऱ्या रेषेमागे हे गणित होते. फ्लेक्सला ते नाही. लाखो रंग छापायला तयार असलेल्या यंत्राकडून मुद्दाम दोनच मागायचे, तर त्याला काही कारण हवे.

कारण सांगता येत नाही, म्हणून मग ‘रेट्रो लुक’ म्हणतात.

तंत्रातही घोळ आहे. हाफटोनमध्ये ठिपक्यांमधले अंतर ठरलेले असते, आकार बदलतो. हाताने केलेल्या स्टिपलमध्ये ठिपका साधारण एकाच मापाचा, दाटी बदलते. फोटोशॉपमध्ये फोटो ग्रेस्केल करून ‘बिटमॅप’ मोडला नेला की दोन्हींच्या जवळचे पर्याय समोर येतात: ‘हाफटोन स्क्रीन’ आणि ‘डिफ्यूजन डिदर’. दुसऱ्याच्या मुळाशी फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची युक्ती आहे. एका पिक्सेलला काळा किंवा पांढरा ठरवताना राहिलेली चूक शेजारच्यांना वाटून द्यायची. युक्ती अफलातून आहे. पण तिला फक्त उजेड कळतो. नाक कुठे वळते, कपाळ कुठे गोल होते, याची तिला गंधवार्ता नाही. वॉल स्ट्रीट जर्नलसाठी केव्हिन स्प्राउल्सने १९७९ मध्ये ठिपक्यांची व्यक्तिचित्रे सुरू केली, तीही फोटोवरूनच. पण तिथे ठिपक्यांच्या ओळी गालाच्या वळणाने जातात. फिल्टरचा ठिपका गालावर आणि मागच्या भिंतीवर एकाच चालीने पडतो.

मग हे चित्र जेपीजी करून व्हॉट्सॲपवर पाठवले जाते. तिथे ठिपक्यांच्या कडा करड्या होतात, आकार लहान करताना जाळीवर लाटा उमटतात, आणि त्यावर फ्लेक्सचे यंत्र स्वतःचे ठिपके टाकते.

खरे काम पाहायचे तर लेझरवाल्याकडे जावे. तालुक्याच्या गावांतून लग्नाच्या, वाढदिवसाच्या लाकडी फ्रेमा करून देणारी दुकाने आता सर्रास दिसतात, आणि कलासमीक्षक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. लेझरची ताकद कमी-जास्त करून करडी छटा आणायला जावे, तर प्रत्येक फळी वेगळी रंगते. म्हणून भाजायचे किंवा सोडायचे, एवढेच भरवशाचे. तिथे ठिपका पुन्हा सक्तीचा झाला आहे. रेघांमधले अंतर ०.१ मिलिमीटर ठेवले तर इंचाला २५४ ठिपके. पण जळालेला ठिपका पसरतो, म्हणून फोटो आधी उजळावा लागतो. पार्श्वभूमी उडवायची, केसांत थोडा उजेड सोडायचा, डोळ्यांच्या कडा ओढून घ्यायच्या. जाणता कारागीर हे सारे ठिपके पाडण्याआधी करतो. कुठल्याही कलाशाळेत याला रेंडरिंगच म्हणतील. जीपच्या काचेवर गजानन महाराज कापून देणाऱ्या रेडियमवाल्याचेही तेच: पाते करडे कापत नाही, म्हणून चिलीम, गुडघा, दाढी यांतले काय ठेवायचे ते माणसालाच ठरवावे लागते. टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यालाही जाळीच्या काउंटच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापेक्षा बारीक हाफटोन घेता येत नाही, हे ठाऊक असते.

ठिपक्यांआधीच्या या कामासाठी लोणारचे उदाहरण घ्यावे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. त्या दृश्याचा रंगीत फोटो सरळ ग्रेस्केल केला, तर गुलाबी पाणी आणि काठची हिरवी झाडी जवळजवळ एकाच करड्यात जाऊ शकतात. मग ठिपके कितीही सुबक पाडा, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर चिखलाचे डबके होते. चॅनल मिक्सरमध्ये लाल वाहिनी वर आणली की पाणी उजळते, झाडी काळवंडते, विवराची कड सुटी होते. चित्र तिथे घडले. नंतरचे ठिपके ही हमाली. हे न करता लोणारच्या नावाने ‘इंक आर्ट’ विकणाऱ्याने चित्र काढलेलेच नसते.

खरी चीड येते ती दिवाळी अंकांची. ज्या परंपरेत दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ उभा केला, तिथे आज कथेच्या डोक्यावर विकत घेतलेला फोटो ठिपक्यांत बुडवून ठेवतात आणि श्रेयनामावलीत ‘रेखाटने’ म्हणून कुणाचे तरी नाव छापतात. पैसे नाहीत, ही सबब. पैसे नसतील तर चित्र छापू नये. कोऱ्या समासाने कुठल्याही कथेचे वाटोळे झालेले नाही. आणि छापायचेच असेल तर श्रेय नीट द्यावे: फोटो अमुक यांचा, ठिपके फोटोशॉपचे. चित्रकाराचा रकाना रिकामा दिसू द्यावा, म्हणजे वर्गणीदाराला कळेल की त्याच्या पैशातून चित्रकाराला काय मिळाले.