ताट आणि पंगत : पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक आणि ख्रिस्ती नम्रतेचा प्रश्न

पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्या पत्रव्यवहारात खाण्यापिण्याचा एक वाद आहे. रमाबाईंवर लिहिणारे बहुतेक जण त्याचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. हा वाद किरकोळ नाही. ख्रिस्ती धर्मात गर्व कशाला म्हणायचे आणि नम्रता कोणी कोणाकडून मागायची, हा मोठा प्रश्न त्यात एका पुडिंगच्या निमित्ताने उभा राहिला. या प्रश्नाचे दुसरे, जवळजवळ उलटे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सापडते. ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचली तर काय हाती लागते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

रमाबाई 1883मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाँटेजचा मठ अँग्लिकन पंथातल्या भगिनींचा. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या. त्या काळात, 1885च्या सुमारास, या आजीबाईंनी त्यांच्या खाण्याच्या सवयींवर बोट ठेवले. रमाबाई ख्रिस्ती झाल्या तरी शाकाहारी राहिल्या होत्या. जेराल्डीनबाईंच्या मते हा जातीच्या पूर्वग्रहाचा अवशेष होता आणि त्याच्या मुळाशी गर्व होता.

रमाबाईंचे उत्तर तिखट आहे. पुडिंगपासून बूटमोज्यांपर्यंत, इतकेच काय रोज जळणाऱ्या कोळशातही आपला गर्व शोधायचा असेल तर तो खुशाल शोधावा, असा त्याचा सूर आहे. त्यामागे युक्तिवादही आहे. एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि कोणाला उपद्रव न देणाऱ्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? मग हिंदू बाईलाच तसे का म्हणावे? आपल्यातले जातीचे सगळे संस्कार गेले आहेत असा दावा रमाबाई करत नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. उरलेले संस्कार त्या कबूल करतात. पण त्यांना गर्व हे नाव द्यायचा अधिकार कोणाचा, एवढेच त्या विचारतात.

जेराल्डीनबाईंची बाजूही समजून घेतली पाहिजे. मठजीवनाच्या शिस्तीत समोर येईल ते मुकाट्याने खाणे हा आज्ञापालनाचा भाग मानला जातो. सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरीपासून खादाडपणाची गणना मुख्य पापांत होत आली आणि गर्व हे सर्व पापांचे मूळ ठरले. खादाडपणा म्हणजे केवळ जास्त खाणे नव्हे. चोखंदळपणे खाणे हाही त्याचाच एक प्रकार मानला गेला. अशा परंपरेत वाढलेल्या भगिनीला ‘हे मला चालत नाही’ या वाक्यात स्वेच्छेचा हट्ट ऐकू आला तर नवल नाही. प्रश्न एवढाच की मठात स्वखुशीने घेतलेले व्रत मठाबाहेरच्या बाईवर लादता येते का.

‘नव्या करारा’त या विषयावर बरीच चर्चा आहे. ती वाचताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्यांना आपण आपल्याच शब्दांत ताट आणि पंगत म्हणू. ताट म्हणजे मी काय खातो, आणि पंगत म्हणजे मी कोणाबरोबर, कोणाच्या हातचे खातो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल ताटाबद्दल बोलतो. काही जण सर्व काही खातात, काही फक्त भाजीपाला. पौल कोणालाच ताट बदलायला सांगत नाही. तो दोघांचे दोन वेगळे दोष दाखवतो. खाणाऱ्याचा दोष तुच्छतेचा, न खाणाऱ्याचा दोष दुसऱ्याचा निवाडा करण्याचा. पण पंगतीच्या बाबतीत हाच पौल अजिबात सवलत देत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातली हकिकत आहे. यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवणारा पेत्र, काही मंडळी आल्यावर त्यांच्या भीतीने पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर, सर्वांसमोर दोष दिला. म्हणजे ताटाला मोकळीक आणि पंगतीला सक्ती, असा हा विवेक आहे.

या विवेकाने पाहिले तर जेराल्डीनबाईंनी ताटाचा प्रश्न पंगतीचा करून टाकला, असे म्हणावे लागते. रमाबाईंनी जातीची पंगत कधीच मोडली होती. 1880मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. ज्या बाईने बेटीव्यवहाराची भिंत स्वतः ओलांडली, तिच्या ताटातल्या भाजीभातात जातीचा गर्व शोधणे हा वाचनाचा दोष आहे.

शिवाय अन्न आणि गर्व यांचे खरे नाते रमाबाईंना ठाऊक होते, आणि ते फार मोठी किंमत मोजून कळले होते. सत्तरीच्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. अनंतशास्त्री डोंगरे यांचे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडणारे. धान्य संपले तेव्हा त्यांना हलकी कामे करता येईनात, भीकही मागता येईना. पुढे ख्रिस्ती झाल्यावर या दिवसांविषयी लिहिताना रमाबाई स्पष्ट सांगतात की जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला. एखादा उद्योग शिकण्यासाठी आपण वाकलो नाही, नाहीतर आईवडील वाचले असते. स्वतःच्या घराबद्दल इतके कठोर लिहिणे सोपे नाही. येथे रमाबाई गर्व हा शब्द वापरतात तेव्हा त्याचा रोख हातांवर आहे. काय खाल्ले नाही, यापेक्षा कोणते काम केले नाही, याला त्या गर्व म्हणतात. त्यांनी विधवांना आणि दुष्काळातल्या मुलींना शिक्षणाबरोबर हातउद्योग शिकवण्यावर जो भर दिला, त्याचे एक मूळ या जाणिवेत असावे, असे मला वाटते.

मात्र रमाबाईंचा युक्तिवाद येथेच सोडला तर अर्धेच सत्य हाती येते. इंग्रज बाईच्या चालीरीती आणि ब्राह्मण बाईच्या चालीरीती त्यांनी एका पारड्यात टाकल्या. वाँटेजमध्ये हे चालते. महाराष्ट्रात चालत नाही. येथे ‘मला चालत नाही’ हे वाक्य पदार्थापाशी थांबत नाही. ते पदार्थ शिजवणाऱ्या हातांपर्यंत जाते. रमाबाईंनी 1889मध्ये मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा ब्राह्मण विधवांना स्वयंपाकपाण्याचे आपले नियम पाळण्याची मुभा ठेवली. दुसऱ्याच्या सद्‌सद्विवेकाचा मान म्हणून हे पौलाच्या शिकवणीत बसते. तरी त्या मुभेत पंगतीचा भेद शिल्लक राहिला, हे नाकारता येत नाही. दुष्काळातल्या निरनिराळ्या जातींच्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आल्या, तेव्हा ती मुभा मागे पडणे अटळ होते.

लक्ष्मीबाई टिळकांचे महत्त्व येथे आहे. ‘स्मृतिचित्रे’चे भाग 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या आरंभीच वडिलांचे सोवळे येते. 1857च्या धामधुमीत जवळच्या नात्यातल्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर हे सोवळे विकोपाला गेले. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायची, आणि त्यात बायकामुलांचे हाल. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, म्हणून आपण ते विनोद म्हणून वाचतो. पण सोवळे नेहमीच गर्वातून येते असे नाही, भीतीतूनही येते, ही त्यातली समज फार महत्त्वाची आहे. भीतीतून आलेल्या सोवळ्यावर नम्रतेचे प्रवचन लागू पडत नाही.

1895मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पुढे नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळेओवळे त्यांनी सांभाळले. ते सुटले ते कोणाच्या आज्ञेने नव्हे. जात देवाने केली नाही, माणसाने केली, हे त्यांना आपल्याच विचाराने पटले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांचा बाप्तिस्मा 1900चा, म्हणजे या निर्णयानंतरचा. पुस्तकात पंगत आधी येते, धर्म मागून. शिवाय त्यात आपण किती नम्र झालो याची कोठेही नोंद नाही. ‘स्मृतिचित्रे’चे वाङ्मयीन यश ज्या सहजतेत आहे, तिचा हा नैतिक भाग समीक्षेने पुरेसा पाहिलेला नाही.

एकीने ताट राखले, दुसरीने पंगत मोडली. दोघींपैकी खरी ख्रिस्ती कोण, असा प्रश्न विचारणे चुकीचे होईल. पौल बळकट आणि अशक्त असा भेद करतो आणि जपून वागण्याचे ओझे बळकटावर टाकतो. आता त्या त्या ठिकाणी बळकट कोण होते ते पाहावे. वाँटेज-चेल्टनहॅममध्ये रमाबाई परक्या देशातली, दुसऱ्यांच्या मदतीवर शिकणारी विधवा होती. बळ जेराल्डीनबाईंकडे होते, तेव्हा नम्रता त्यांनी दाखवायची होती. नगर जिल्ह्यात टिळकांच्या घरी लक्ष्मीबाई ब्राह्मण होत्या आणि पाणी देणारा हात बहुधा खालच्या मानलेल्या जातीचा. तेथे बळ लक्ष्मीबाईंकडे होते आणि वाकायचे त्यांनी होते. त्या वाकल्या. एकच भाजीभात एका ठिकाणी स्वाभिमान ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी अपमान, तो यामुळे.

ही कसोटी सुटली की धर्म ताटात डोकावू लागतो. गोव्यात 1736च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवण्याचीही बंदी केली. अ. का. प्रियोळकरांनी या फर्मानाची माहिती दिली आहे. चिमूटभर मिठात निष्ठा मोजणारी ही सत्ता स्वतःला नम्रतेच्या धर्माची राखणदार समजत होती. आज मुंबई-पुण्यात मांसाहारी कुटुंबाला घर नाकारणारी सोसायटी दुसऱ्या टोकाची असली तरी तिच्या हाती तोच तराजू आहे. दोन्हीकडे ज्याच्या हाती दार, तोच दुसऱ्याच्या ताटाचा निवाडा करतो.

शेवटी एक गोष्ट जेराल्डीनबाईंच्या बाजूने. रमाबाईंचा हा पत्रव्यवहार 1977मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पण ही पत्रे मुळात संकलित केली ती सिस्टर जेराल्डीन यांनी. स्वतःला निरुत्तर करणारे पत्र त्यांना सहज वगळता आले असते. त्यांनी ते ठेवले. रमाबाईंकडून ज्या नम्रतेची त्यांनी अपेक्षा केली होती, ती त्यांच्या स्वतःच्या या कामात दिसते. रमाबाईंचे उत्तर आज आपल्याला वाचता येते ते त्यामुळे.