गायतोंडे : मौनाआधीचं काम

वासुदेव गायतोंडे म्हटलं की दोनच गोष्टी कानावर येतात. एक म्हणजे किंमत. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं. दुसरी, ते मौनी होते, ऋषीच होते. या दोन्हींत चित्र राहूनच जातं, अशी आमची तक्रार आहे.

जन्म १९२४ चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं. १९४८ ला जे. जे. ची पदविका. पॉल क्ले आवडायचा, बसोलीची लघुचित्रंही. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथं रॉथको पाहिला. म्हणून कुणी त्यांना रॉथकोचा अनुयायी म्हणतं. पण तारखा बघा ना! आकृती त्यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीला, मुंबईत असतानाच सोडली होती. झेनची ओढही तेव्हाचीच.

आता काम कसं चालायचं? महिनोन्‌महिने नुसता विचार, वर्षाकाठी मोजकीच चित्रं. मग रोलर आणि पॅलेट नाइफ. रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, फाडलेले कागद ओल्या रंगावर दाबून उचलायचे, पुन्हा पातळ थर. पोतेऱ्यानं सारवलेल्या भिंतीत मागच्या दिवाळीचा थर मधूनच डोकावतो, तसं काहीसं. याला नुसतं ध्यान म्हणणं म्हणजे हाताच्या कष्टावर पांघरूण घालणं. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, कागदावरची छोटी शाईकामं तेवढी झाली. मन तेच होतं की! शरीर साथ देत नव्हतं.

आमचीही एक पंचाईत आहे. बीड जिल्ह्यात बसून आपण गायतोंडे पाहतो ते मोबाइलवर. तिथं थर मरतो, उरतो फक्त रंग. अंबाजोगाईला जपलेली दासोपंतांची पासोडी फोटोत पाहिली तर कापडावरचा मजकूर वाटते. समोर उभं राहिल्यावर अक्षर, आकृती आणि कापड वेगळं काढता येत नाही. तेव्हा गायतोंडेंच्या रंगांविषयी इथं बसून दिलेला आमचा कुठलाही निवाडा कच्चाच समजा.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे त्यांची चित्रं आहेत. कधी समोर आलं एखादं, तर आधी कडेनं, तिरकं बघा. खरवडलेलं तिथून दिसतं.