व्हर्जिलच्या ‘ईनिड’मधील शब्दसंग्रह : शब्दसूचीकडून काव्यार्थाकडे

सारांश

अभिजात लॅटिन महाकाव्य मुळातून वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम वारंवारतेवर आधारलेली शब्दसूची दिली जाते. तिच्या साहाय्याने ओळ लागते. परंतु काव्याचा निर्णायक अर्थ ज्या शब्दांवर उभा असतो, त्या शब्दांबाबत सूचीतील एकशब्दी अर्थ वाचकाची दिशाभूल करू शकतो. प्रस्तुत लेखात ‘ईनिड’मधील काही शब्दांच्या, विशेषतः ‘पिएटास’ व ‘कोंडेरे’ यांच्या, आधारे या प्रश्नाचा विचार केला असून शब्दसंग्रहाचे अध्ययन हा काव्यसमीक्षेचाच पहिला टप्पा होय, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : व्हर्जिल, ईनिड, लॅटिन शब्दसंग्रह, पर्यायशब्द, परिकर, अभिधामूल व्यंजना, अनुवाद

प्रस्तावना

पब्लिउस व्हर्जिलिउस मारो (इ.स.पू. ७० ते इ.स.पू. १९) या रोमन कवीचे ‘ईनिड’ हे बारा सर्गांचे आणि सुमारे ९,९०० ओळींचे महाकाव्य. ट्रॉयच्या पाडावानंतर वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन बाहेर पडलेला ईनिअस इटलीत येतो आणि भावी रोमचा पाया घालतो, हे त्याचे कथानक. मराठी वाचक या काव्याकडे बहुधा इंग्रजी अनुवादांच्या वाटेने जातो. मुळाकडे वळणारे थोडे. जे वळतात त्यांच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती शब्दांची. लॅटिनची विभक्तिव्यवस्था संस्कृतचा संस्कार असलेल्यास फारशी परकी वाटत नाही. ‘इग्निस’ आणि ‘अग्नी’, ‘नाविस’ आणि ‘नौ’, ‘पाटेर’ आणि ‘पितृ’ अशी सगोत्र शब्दांची साखळीही त्याला आधार देते. मात्र हा आधार थोड्याच शब्दांपुरता असतो. उरलेले शब्द शिकावेच लागतात. ते कसे शिकावेत, हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. काव्य काय सांगते याविषयीच्या आपल्या निर्णयावर त्याचा परिणाम होतो. (या लेखात व्यक्तिनामे रूढ इंग्रजी उच्चाराप्रमाणे व लॅटिन शब्द मूळ उच्चाराच्या जवळ जाणाऱ्या रूपात लिहिले आहेत.)

शब्दसूचीचा उपयोग

विसाव्या शतकात लॅटिनच्या अध्यापनात शब्दांच्या वारंवारतेला महत्त्व आले. पॉल डीडरिक यांचे लॅटिन शब्दांच्या व प्रत्ययांच्या वारंवारतेवरील काम १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, १९३० मध्ये, क्लाइड फार यांनी ‘ईनिड’च्या पहिल्या सहा सर्गांची शालेय आवृत्ती सिद्ध केली. तीत कमी वेळा येणारे शब्द त्याच पानावर, संहितेच्या खाली, अर्थासह दिलेले आहेत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांसाठी शेवटी उलगडून ठेवता येणारा स्वतंत्र तक्ता आहे. वाचकाला कोशाची पाने उलटावी लागू नयेत, हा त्यामागील हेतू. अलीकडे डिकिन्सन कॉलेजने तयार केलेल्या मूलशब्दसूचीत सुमारे १,००० शब्द असून सर्वसाधारण लॅटिन संहितेतील सुमारे ७० टक्के शब्द त्यांत येतात, असे तिचे संपादक सांगतात.

या साधनांचे मोल निर्विवाद आहे. दर ओळीला चार वेळा कोश उघडणारा वाचक काव्य वाचत नसतो, तो कोश वाचत असतो. तथापि वारंवारतेच्या हिशेबात दोन गोष्टी निसटतात. एक, महाकाव्याची भाषा ही सर्वसाधारण लॅटिन नव्हे. दुसरी, जो शब्द वारंवार येतो तोच अनेकदा सर्वांत अवघड असतो. या दोन्ही बाबी क्रमाने पाहू.

एका अर्थाचे अनेक शब्द

लॅटिन गद्यात तलवारीला ‘ग्लाडिउस’ म्हणतात. सीझरचे युद्धवर्णन वाचून आलेल्या विद्यार्थ्याला हा शब्द पाठ असतो. ‘ईनिड’मध्ये मात्र तो क्वचितच भेटतो, तेथे तलवार असते ती ‘एन्सिस’. मृत्यूसाठी ‘मोर्स’बरोबर ‘लेटुम’, भूमीसाठी ‘टेर्रा’बरोबर ‘टेल्लुस’, पित्यासाठी ‘पाटेर’बरोबर ‘गेनिटोर’ येतो. नौकेसाठी ‘नाविस’ आहेच, शिवाय ‘कारिना’ (नौकेचा तळकणा) व ‘पुप्पिस’ (मागील भाग) हे अवयववाचक शब्द संपूर्ण नौकेसाठी येतात. कोणते शब्द काव्यात चालतात व कोणते टाळले जातात, या प्रश्नाची चर्चा स्वीडिश अभ्यासक बर्टिल अॅक्सेलसन यांच्या १९४५ च्या ग्रंथापासून विशेष गाजली.

या निवडीमागे कधी छंदाची सक्ती असते. ‘इंपेराटोर’ हा सेनापतीसाठीचा नेहमीचा शब्द. पण त्यातील ऱ्हस्व अक्षर दोन दीर्घ अक्षरांच्या मध्ये अडकल्यामुळे तो महाकाव्याच्या षट्पदी वृत्तात बसत नाही. व्हर्जिलचा पूर्वसूरी एन्निउस याने त्यासाठी ‘इंदुपेराटोर’ असे जुन्या वळणाचे रूप योजले. व्हर्जिल ‘डुक्टोर’सारख्या शब्दांकडे वळतो. ‘इल्ली’ऐवजी ‘ओल्ली’ यांसारखी आर्ष रूपे तो मधूनच वापरतो, तेव्हा ओळीला प्राचीनतेचा गंध येतो.

अमरकोशाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला पर्यायशब्दांची ही श्रीमंती ओळखीची वाटेल. अब्धी, अर्णव, सागर, सिंधू हे शब्द ज्याने एका दमात म्हटले आहेत, त्याला ‘मारे, पोंटुस, पेलागुस, ऐक्वोर, फ्रेटुम, आल्टुम’ ही मालिका नवलाची नाही. धोका आहे तो हे सारे शब्द समानार्थक समजण्यात. ‘ऐक्वोर’ म्हणजे मुळात सपाट पृष्ठ, ‘आल्टुम’ म्हणजे खोल, ‘पोंटुस’ व ‘पेलागुस’ ग्रीकमधून आलेले. वादळाच्या वर्णनात ‘ऐक्वोर’ येतो तेव्हा सपाटीचा भंग हा त्या वर्णनाचा भाग असू शकतो. किनाऱ्यापासून दूर निघालेल्यांच्या तोंडी ‘आल्टुम’ येतो तेव्हा खोलीची भीतीही सोबत येते. म्हणून हे शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा त्यांच्या मूळ अर्थच्छटांसह एकत्रित शिकणे हिताचे.

एका शब्दाचे अनेक अर्थ : ‘पिएटास’

खरी कसोटी लागते ती याच्या उलट प्रकारात. ‘पिउस’ हे ईनिअसचे ठरलेले विशेषण आणि ‘पिएटास’ हा त्याचा गुण. देव, माता-पिता आणि आपले लोक यांच्याविषयीच्या बांधिलकीचे पालन, असा त्याचा आशय. इंग्रजीत याच शब्दापासून ‘पायटी’ (धर्मशीलता) आणि ‘पिटी’ (दया) असे दोन शब्द निघाले. त्यांपैकी पहिल्याच्या छायेत वाचणाऱ्यास ईनिअस हा सोवळा, भाविक गृहस्थ वाटू लागतो.

हे विशेषण केवळ पादपूरक आहे काय? संस्कृत काव्यशास्त्राने साभिप्राय विशेषणाला ‘परिकर’ अशी संज्ञा दिली आहे. ‘पिउस’चे काही प्रयोग परिकराच्या अंगाने पाहावेत असे आहेत. चौथ्या सर्गात डायडोच्या आर्त आरोपांनंतर तिचे सांत्वन करण्याची इच्छा दाबून ईनिअस आपल्या ताफ्याकडे परततो. नेमक्या त्या क्षणी त्याच्या नावामागे ‘पिउस’ येते. वाचक त्याच्याविषयी मनातून रुष्ट असताना कवी हा शब्द पुढे करतो. प्रेयसीला सोडणे हे कर्तव्यपालन आहे आणि ते निष्ठुरही आहे; एकच विशेषण दोन्ही गोष्टी आपल्यापुढे ठेवते.

दहावा सर्ग याहून कठोर आहे. टर्नसने तरुण पॅलसला मारल्यावर ईनिअस चितेवर बळी देण्यासाठी आठ तरुणांना जिवंत पकडतो, पित्याचे नाव घेऊन जीवदान मागणाऱ्या मागुसला ठार करतो, आणि याच संहारात कवी त्याला पुन्हा ‘पिउस’ म्हणतो. त्यानंतर लॉसस येतो. तो जखमी बापाला वाचवण्यासाठी मध्ये पडलेला शत्रुपक्षातील मुलगा आहे. तुझी ‘पिएटास’ तुला फसवते आहे, असे ईनिअसच त्याला बजावतो आणि अखेर मारतो. मरणाऱ्या मुलाचा चेहरा पाहताना कवी ईनिअसला त्याच्या नावाने न संबोधता ‘अँकायसीझचा पुत्र’ म्हणतो. जो गुण नायकाची ओळख होता, तो शत्रूच्या ठायी दिसतो आणि नायकाच्याच हातून मारला जातो. सूचीत ‘पिउस : भाविक’ एवढेच वाचून आलेल्याला हा आघात जाणवणार नाही.

टी. एस. एलियट यांनी १९५१ च्या आपल्या व्हर्जिलविषयक विवेचनात ‘लाबोर’, ‘पिएटास’ व ‘फाटुम’, म्हणजे कष्ट, कर्तव्यनिष्ठा व नियती, हे तीन शब्द कळीचे मानले. शब्दांच्या द्वारे काव्यात शिरण्याची ही दिशा मौलिक आहे; परंतु निवड मात्र एकांगी आहे. ‘ईरा’ (क्रोध) आणि ‘फुरोर’ (उन्माद) हे शब्द तीत नाहीत. काव्याच्या आरंभीच जुनोचा क्रोध हे साऱ्या संकटांचे मूळ म्हणून सांगितले आहे. पहिल्या सर्गातील ज्युपिटरच्या भविष्यवाणीत ‘फुरोर’ साखळदंडांनी जखडलेला दिसतो. बाराव्या सर्गाच्या अखेरीस, शरण आलेल्या टर्नसच्या अंगावर पॅलसचा पट्टा पाहून ईनिअस ज्या आवेशाने पेटतो, त्याचे वर्णन याच दोन शब्दकुळांतून केलेले आहे. त्या अखेरच्या प्रसंगात ‘पिउस’ वा ‘पिएटास’ हा शब्द एकदाही येत नाही.

‘कोंडेरे’ : स्थापना आणि प्रहार

याच प्रसंगातील क्रियापदाकडे आता वळू. ‘कोंडेरे’ म्हणजे एकत्र ठेवणे, साठवणे, लपवणे, पुरणे, आणि नगर वसवणे. व्हर्जिल हे सर्व अर्थ वापरतो. दुसऱ्या सर्गात ग्रीक सैन्य निर्जन किनाऱ्यावर दडते ते या क्रियापदाने. तिसऱ्यात पॉलिडोरसच्या आत्म्याला समाधीत विसावा मिळतो तो याच क्रियापदाने. पहिल्या सर्गाच्या आरंभी ईनिअसच्या सर्व खटाटोपाचे प्रयोजन सांगताना, म्हणजे नगर स्थापन करण्याच्या संदर्भात, हेच क्रियापद आहे. आणि अखेरच्या ओळींत तो टर्नसच्या छातीत शस्त्र खुपसतो, तेथेही हेच आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. शस्त्र शरीरात घुसवण्याच्या अर्थी हे क्रियापद नवव्या सर्गातही, निसस आणि युरिअलस यांच्या रात्रीच्या हल्ल्याच्या प्रसंगात, आलेले आहे. मग अखेरच्या प्रयोगात विशेष ते काय? आक्षेप दखलपात्र आहे; परंतु तो अर्थाची शक्यता नाकारत नाही, तिचा आधार स्पष्ट करतो. अनेकार्थक शब्दाचा एक अर्थ प्रकरणाने नियंत्रित झाल्यावरही दुसरा अर्थ सूचित होतो, त्या व्यापाराला मम्मटाने अभिधामूल व्यंजना म्हटले आहे. येथे प्रकरणाने ‘खुपसणे’ हा अर्थ निश्चित केला आहे. पण काव्याच्या प्रारंभी व शेवटी आल्यामुळे, आणि तो प्रहार रोमच्या उदयाचा शेवटचा अडथळा दूर करीत असल्यामुळे, ‘स्थापना’ हा अर्थ मागून निनादत राहतो. नगराची स्थापना आणि याचकाचा वध ही एकच क्रिया आहे काय? कवी उत्तर देत नाही. १९६० च्या दशकात अॅडम पॅरी आणि मायकेल पटनम यांनी या महाकाव्यातील विजयाच्या सुराखालचा शोकाचा सूर दाखवून दिला. त्या सुराचा पुरावा अशा शब्दांतच आहे.

मराठी अनुवादाचा प्रश्न

अशा ध्वनीचे लक्षणच असे की, पर्यायशब्द घातला की तो नष्ट होतो. इंग्रजीत ‘स्थापणे’ आणि ‘खुपसणे’ यांसाठी सहसा दोन वेगळी क्रियापदे घ्यावी लागतात आणि दुवा तुटतो. मराठीला येथे एक संधी आहे. आपण मेढ रोवतो, झेंडा रोवतो, पाय रोवतो, भालाही रोवतो. ‘नगराची मेढ रोवणे’ आणि ‘छातीत शस्त्र रोवणे’ अशी योजना केल्यास आरंभ व अखेर एका क्रियापदाने जोडता येतील. ‘लपवणे’ आणि ‘पुरणे’ या छटा त्यात गमावतील, हे मान्य करावे लागेल.

‘पिएटास’चा पेच अधिक खोल आहे. ‘भक्ती’ हा शब्द देवभक्ती, पितृभक्ती, देशभक्ती अशा समासांतून तिन्ही दिशांना पोचतो. परंतु संतसाहित्याने त्याला दिलेली प्रेमाची आर्द्रता ‘पिएटास’मध्ये तितकी नाही. ‘धर्म’ हा शब्द बांधिलकीचा आशय पेलतो, ‘धर्मसंकट’ ही कल्पनाही सोबत आणतो. पण त्यामुळे टर्नसचा वध क्षात्रधर्माच्या खात्यात घालून वाचक मोकळा होण्याचा संभव आहे. मूळ काव्य तशी सुटका देत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘कर्तव्यनिष्ठा’ हा किंचित कोरडा शब्द सर्वत्र एकसारखा ठेवणे, हा कमी हानीचा मार्ग होय. कारण त्या शब्दाची पुनरावृत्ती आणि अखेरची अनुपस्थिती, दोन्ही वाचकाच्या ध्यानात येतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. वारंवारतेवर आधारलेली सूची ही आवश्यक पायरी आहे; मात्र तिला महाकाव्याच्या खास शब्दांची, गटवार व अर्थच्छटांसह केलेली, जोड हवी. ‘पिएटास’, ‘फुरोर’, ‘ईरा’, ‘कोंडेरे’ यांसारख्या मोजक्या शब्दांचा अर्थ आधी पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्याने वाचता वाचता त्यांच्या स्थळांची नोंद ठेवावी. त्या नोंदीतूनच अर्थ सिद्ध व्हावा. अनुवादकाने अशा शब्दांना शक्यतो एकच प्रतिशब्द द्यावा, आणि जेथे ते अशक्य आहे तेथे तसे प्रस्तावनेत सांगावे. ‘ईनिड’चा पहिला शब्द ‘आर्मा’, म्हणजे शस्त्रे. आणि शेवटचा ‘उंब्रास’, म्हणजे छाया, मृतांचे लोक. हे दोन्ही शब्द प्राथमिक सूचीत सापडतात. त्यांच्यामधील अंतर मात्र संपूर्ण काव्य वाचूनच कळते.